एमायेचा अख्खा उपास

हे बघ, आधी नुसतं ऐक. मधे मधे "मग? मग?" करू नकोस, मी थांबणारच नाहीये. शेवटी एकच गोष्ट विचारणार आहे तुला, आणि तिचं उत्तर मात्र खरं द्यायचं.

आमच्या शाळेत गणित शिकवते ना, ती तिर्सित. तिची आई यशिमबेत. एन्तोतो डोंगराच्या उताराला शिरोचं, म्हणजे हरभऱ्याचं पीठ आणि बेर्बेरेचा मिरचीचा मसाला विकणारी, ती हीच. तिला सगळी गल्ली एमाये, म्हणजे आईच, म्हणते, पोटची पोरंही आणि आम्हीही. तिची जीभ म्हणजे काय सांगू तुला! नुसतं जिभेला बोट लावून सांगायची, की या मिरच्या दोन दिवस कमी वाळल्यात, या हरभऱ्यात गेल्या वर्षीचे मिसळलेत. व्यापारी घाबरायचे तिला.

तर सुरुवात करते डॉक्टर झेलेकेंच्या खोलीपासून. हुदादे चालू होता, आपल्या ख्रिस्ती लोकांचा मोठा उपास, पंचावन्न दिवसांचा. त्याचा चौथा आठवडा. डॉक्टरांनी भिंतीवरच्या दिव्यासमोर स्कॅनची फिल्म लावली. तिर्सित आणि तिचा मोठा भाऊ वोसेन समोर बसलेले.

"तेवीस," डॉक्टर म्हणाले. "वीस होतं, तेवीस झालंय. मला तीस हवंय."

आता हे तेवीस नि तीस काय, ते नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एमायेच्या आतड्यात गाठ होती, कॅन्सरची. आणि ती कळेपर्यंत त्याचे दाणे लिव्हरमध्ये जाऊन बसले होते. उजवीकडे सहा, डावीकडे दोन. आधी चार महिने सलाइनमधून औषध दिलं, दाणे आक्रसले. पण सगळे एकदम कापायचे तर लिव्हर उरणार किती? मूठभर. त्यावर माणूस जगत नाही. मग डॉक्टरांनी दोन टप्प्यांत करायचं ठरवलं. पहिल्या ऑपरेशनला आतड्याची गाठ काढली, डावीकडचे दोन दाणे कोरून काढले, आणि लिव्हरच्या उजव्या बाजूला जाणारी रक्ताची मोठी शीर बांधून टाकली. म्हणजे काय होतं, सगळं रक्त डावीकडे वळतं आणि डावी बाजू वाढायला लागते. खरंच वाढते! आपल्या अंगातला हा एकच अवयव असा, की कापलं तरी फुगून जागा भरून काढतो. डावी पुरेशी मोठी झाली, की दुसऱ्या ऑपरेशनला उजवी सगळी दाण्यांसकट काढून टाकायची. डावी म्हणजे अख्ख्या लिव्हरच्या शंभरातले वीस भाग होती. तीस झाल्याशिवाय हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

"थांबू या मग अजून," वोसेन म्हणाला. "महिना, दोन महिने."

"उजवीकडचे दाणे थांबणार आहेत का? औषध बंद आहे आता. मी तीन आठवडे देतो. तेवढ्यात वाढलं तर वाढलं." मग डॉक्टरांनी चष्मा काढला. "खातायत ना त्या?"

"हो, मस्त खातात," वोसेन म्हणाला. "ताट भरून."

"काय खातात?"

आणि तिर्सितला आत्ता कुठे कळलं. ताट भरलेलं असायचं हे खरंच होतं गं. इंजेराच्या पोळ्या, मसूर, शिरो, पालेभाजी. पण दुपारी तीनला, देवळातून आल्यावर, दिवसातून एकदा. ना अंडं, ना दूध, ना मटणाचा तुकडा. आपल्याकडे उपास म्हणजे न खाणं असं कुणी धरतच नाही, म्हणून तीन-तीन वेळा दवाखान्यात येऊनही ही गोष्ट कुणाच्या तोंडी आली नव्हती. डॉक्टर स्वतः उपास करणारे, त्यांनीही विचारलं नव्हतं.

"हुदादे धरलाय तिने," तिर्सित पुटपुटली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! लिव्हर काय हवेतून वाढतं? त्याला माल लागतो. अंडी, दूध, मांस. आजारी माणसाला उपासाची सक्ती नाही, हे तुमच्या धर्मगुरूंना, आबांना विचारा हवं तर!"

पण एमाये आजारी होती कुठे? म्हणजे तिच्या हिशेबाने. खरी गोम हीच होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं! आपल्याकडे असं कुणी रोग्याच्या तोंडावर सांगतं का? घरच्यांना बोलावून सांगायचं, आणि घरच्यांनी पोटात ठेवायचं. तिर्सितच्या वडिलांना एका नवख्या डॉक्टरने थेट सांगून टाकलं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि नवव्या दिवशी गेले. तेव्हापासून वोसेनने शपथच घेतली होती. म्हणून एमायेला काय सांगितलं, तर आतड्यात गाठ होती, साधी. सलाइनचं औषध म्हणजे ताकदीचं. ऑपरेशन झालं, गाठ गेली, संपलं. लिव्हरचा ल सुद्धा नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर भांडले दोघं.

"गाशे, सांगू या तिला," तिर्सित थोरल्या भावाला म्हणाली. "तिला कळलं तर ती खाईल."

"तिला कळलं तर ती मरेल. बाबांचं विसरलीस?"

"एमाये म्हणजे बाबा नाही!"

"मग लाव पैज. आईच्या जिवावर लाव." आणि गाडीत जाऊन बसला.

मग तिर्सितने दुसरा मार्ग काढला. त्यांच्या घरचे आबा झेमिकाएल, म्हणजे एमाये ज्यांच्यापाशी पापं कबूल करते ते, त्यांना जाऊन सगळं सांगितलं. म्हातारा भला माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी कॉफीला आला, तीन कप प्यायला, आणि हळूच म्हणाला, "यशिमबेत, तुझं पोट नुकतंच शिवलंय. मी तुला मोकळी करतो. दूध पी, अंडी खा. पाप लागलं तर माझ्या माथी."

एमाये हसली. "आबा, तुमचा माथा आधीच किती भरलाय! माझं ओझं कशाला?"

"थट्टा नाही करत मी. आजाऱ्याला उपास नाही."

"पण मी आजारी कुठाय? हीच पोरं म्हणाली ना, गाठ गेली, बरी झालीस! का गं तिर्सित? बरी झाले ना मी?"

तिर्सितने मान हलवली. दुसरं काय करणार?

"आणि आबा, तुम्ही मला उपासातून मोकळं कराल. पण मी शब्द दिलाय मरियमला. ऑपरेशनच्या टेबलावर पडले होते, तो हिरव्या टोपीवाला माझ्या नाकावर काहीतरी धरायला आला, तेव्हा म्हटलं, आई मरियम, इथून उठवलंस तर हा हुदादे अख्खा पाळीन, एक दिवस फुटू देणार नाही. तिने उठवलं. आता शब्द जिला दिला तीच सोडवेल. तुम्ही मधे कोण?"

आबांनी तिर्सितकडे पाहिलं. मग चौथा कप मागितला. चौथा! आपल्याकडे तिसऱ्यानंतर कुणी मागतं का? इतका गडबडला होता बिचारा.

आता मी सांगते ते पुढचं नीट ऐक, कारण मुद्दा इथे आहे. एमायेची ती जीभ, ती गेली होती. त्या सलाइनच्या औषधाने चवच मारून टाकली होती तिची. बाहेर कुणाला कळू द्यायची नाही, दुकानाचं नाव जाईल ना. पण घरात तिर्सितला म्हणायची, "मीठ बघ गं, मला मेलं सगळं कागद चावल्यासारखं लागतं." ऑपरेशनपासून स्वयंपाकही तिर्सितकडेच होता. तिची शाळा सकाळची, एमाये तीनपर्यंत देवळात. म्हणजे मधले दोन तास स्वयंपाकघरात ती एकटी.

पहिले दोन दिवस ती अंडी घेऊन आली आणि दोनदा झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी फोडली. नुसता पांढरा भाग घेतला, पिवळ्याला वास येतो म्हणून. तीन अंड्यांचा पांढरा भाग गार शिरोच्या पिठात फेटफेट फेटला, वर दुधाची पावडर चार चमचे, मग पाणी, कांदा, तेल, आणि बेर्बेरे सढळ हाताने. रटरटा शिजवलं. रंग जरा फिका आला, तर अजून बेर्बेरे घातलं. पिवळे बलक शेजारच्या कुत्र्याला, कारण तिर्सितचाही उपास होताच की! तो कुत्रा उपास सुटायच्या सणापर्यंत असा गुटगुटीत झाला, की शेजारीण म्हणाली, "हा मेला कुठे जाऊन हुदादे मोडतोय?"

मटणाचंही तिच्या मनात आलं होतं. हाडं उकळून ते पाणी घालायचं. पण हुदादेत आपले सगळे खाटीक बंद. उघडा फक्त खालच्या बाजारातला मुसलमान खाटीक. त्याच्या दारात ती जाऊन उभी राहिली. तो बिचारा सुरी खाली ठेवून म्हणाला, "ताई, रागावू नका, पण तुमच्या घरी आमच्या हातचं चालत नाही ना? चुकून तर नाही आलात?" आणि ती मागे फिरली. मला म्हणाली, "उपास मी चोरत होते गं, पण एमायेच्या गळ्यातला बाप्तिस्म्याचा दोरा आठवून तेवढं मला नाही जमलं." म्हणजे माणूस कुठे थांबतो बघ. अंडं चालतं, दूध चालतं, तिथे रेघ.

रोज एमाये देवळातून यायची, हात धुवायची, ताटावर क्रूस काढायची आणि म्हणायची, "आई मरियम, तुझा शब्द पाळतेय हं." आणि पहिला घास घ्यायची. तिर्सित त्या वेळी मुद्दाम पाणी आणायला उठायची.

आणि एक दिवस, सहाव्या आठवड्यात, घास तोंडात घेऊन एमाये थांबली. डोळे मिटले. तिर्सितच्या हातातला तांब्या तसाच.

"पोरी..."

"काय एमाये?"

"याला चव आहे!"

तिर्सितला वाटलं, संपलं सगळं.

"अगं, कांदा लागला मला! तिखट लागलं! आणि काहीतरी मऊ, गोडसर..." तिने अजून एक घास घेतला, जीभ टाळ्याला लावून लावून पाहिली, जशी दुकानात पाहायची तशी. "नवे हरभरे असणार. कुणाकडून आणलेस? चांगले आहेत." आणि रडायला लागली. घास तोंडात, आणि डोळ्यांतून पाणी. "बघितलंस, उपासाचं फळ? जीभ परत दिली तिने मला!"

तिर्सितनेही तिला मिठी मारली आणि रडली. कोण कशासाठी रडतंय ते एकीलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिने दुधाची पावडर चारवरून दोन चमच्यांवर आणली, पण अंडी नाही कमी केली.

सातव्या आठवड्यात पुन्हा स्कॅन. डॉक्टरांनी फिल्म लावली, पट्टी धरून मोजलं, संगणकावर मोजलं, परत मोजलं. "एकतीस!" म्हणाले आणि टेबलावर थाप मारली. "सणानंतरच्या बुधवारी घेतो."

"खाण्यामुळेच ना, डॉक्टर?" तिर्सितने विचारलं. तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचंच होतं.

"असेल. काहींचं उशिराच वाढतं, आपोआप. कोण सांगणार?" मग एकदम गंभीर झाले. "पण एक. पुन्हा पोट उघडणार, तर का ते मी त्यांना स्वतः सांगणार. तुम्ही लपवलंत, मी गप्प बसलो, आणि त्याचा परिणाम बघितला आपण. आता नाही."

वोसेन उठून उभा राहिला, आवाज चढवला, मग बसला. कारण डॉक्टर म्हणाले, "मग दुसरा सर्जन शोधा."

सांगितलं त्यांनी. खुर्ची तिच्या खुर्चीला लावून, हात हातात घेऊन, सगळं. एमायेने ऐकून घेतलं. भिंतीकडे तोंडबिंड काही नाही. विचारलं काय, तर, "उजवी काढल्यावर मी कुशीवर झोपू शकेन ना?" डॉक्टर हसले, हो म्हणाले. मग ती पोरांकडे वळली.

"वोसेन, एवढा घोड्याएवढा झालास, आणि आईला बाहुलीसारखं खेळवलंस? सलाइन ताकदीचं म्हणे! मीही म्हटलं, ही कसली ताकद, केस जातायत!"

"एमाये, बाबांचं झालं तसं..."

"तुझे बाबा विंचू बघून पण आडवे व्हायचे!" आणि मग आवाज खाली आला तिचा. "मला माझं ठाऊक असतं तर मी काय ते ठरवलं असतं. मरियमकडे नेमकं काय मागायचं ते तरी कळलं असतं. आता सांगा. अजून काही आहे का लपवलेलं? आत्ताच सांगून टाका, मी रागावणार नाही."

वोसेन म्हणाला, "नाही." आणि ती तिर्सितकडे बघत राहिली.

बोलायचं होतं गं तिर्सितला. ओठांपर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात एमायेच म्हणाली, "मला भीती नाही. माझा उपास अख्खा आहे. गेल्या वेळी नुसत्या शब्दावर उठवलं तिने, आता तर मी शब्द पाळून जातेय." ज्या काठीच्या आधाराने ती टेबलावर चढणार होती ती काठी तिच्या हातातून कशी काढायची? आणि नाही काढली तर ती काठी पोकळ आहे हे एकटीने माहीत असून उभं राहायचं.

"नाही, एमाये," तिर्सित म्हणाली. "काही नाही."

सण आला. कोंबडा शिजला, एमायेने पहिला घास वोसेनला भरवला, दुसरा तिर्सितला, आणि अंडं मात्र स्वतः घेतलं. म्हणाली, "पंचावन्न दिवसांनी! किती बरं लागतंय!" बुधवारी सात तास ऑपरेशन चाललं. रक्त गेलं, मधे एकदा नर्स धावत गेली, वोसेन बाकाखाली डोकं घालून बसला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, टोपी घामाने ओली, आणि म्हणाले, "उजवी गेली. डावी गुलाबी आहे, काम करतेय." मग आठ-दहा दिवस डोळे पिवळे होते तिचे, पोटात पाणी भरलं, आम्हाला वाटलं गेली. नाही गेली. हळूहळू पिवळेपणा उतरला. डॉक्टरांनी सांगितलंय, दर तीन महिन्यांनी तपासायचं, परत येऊ शकतं. पण आज ती आहे.

तिर्सित आबांकडे गेली आणि कबूल केलं. अंडं, दूध, कुत्र्यासकट सगळं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तिने मनाने धरला होता. तिच्याकडून तो मोडलाच नाही, असं मी धरतो. तू जे तिच्या तोंडात घातलंस ते तुझ्या नावावर. त्याचं मी बघतो, पुढचा उपास तू दोघींचा कर." तिर्सितने विचारलं, "आणि तिला सांगू?" तर म्हणाले, "ते मला विचारू नकोस. मी चार कप कॉफी पिऊन पण तिच्यासमोर हरलो होतो."

आता शेवटचं. एकवीस तारीख, मरियमचा दिवस. देवळाच्या आवारात मुंगी शिरायला जागा नाही, सगळं पांढऱ्या नेतेला शालींनी भरलेलं. शब्द पुरा झाला की सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं असतं, तुला माहितीये. एमाये उभी राहिली, काठीसारखी वाळलेली, पण आवाज दुकानातलाच. टेबलावर काय बोलले, काय मागितलं, कशी उठले, जीभ कशी परत आली, सगळं. बायका तोंडावर हात ठेवून ऐकतायत. आणि मग ती मागे वळली, तिर्सितचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"माझ्या बोलण्यावर नका जाऊ. ही माझ्या ताटात वाढत होती रोज. सांग पोरी, मरियमसमोर सांग. पाळला ना मी अख्खा?"

ते शेकडो चेहरे. पुढे आबा, जमिनीकडे बघत. बाजूला वोसेन, त्याला तर काहीच ठाऊक नाही, तो आपला हसतोय. आणि एमायेचा हात, हाडांचा, पण गरम, जिवंत.

तिर्सित म्हणाली, "हो. तिने पाळला. अख्खा."

आणि सगळ्या आवारात बायकांनी आनंदाने जीभ हलवून असा 'इलिलिली' गजर केला ना, की झाडांवरची कबुतरं उडाली. एमायेने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. तिर्सितला तिथून घरी कशी आली हेही आठवत नाही. काल मला म्हणाली, "मी खोटं बोलले का? तिने तर पाळलाच होता. मग मला झोप का लागत नाही?" आणि येत्या परवा एमायेने तिला दुकानात बोलावलंय, नव्या पिठाची चव बघायला. म्हणाली, तेव्हा आणलेस तसलेच हरभरे आण, कुठून आणले होतेस ते सांग.

मला काहीच सुचलं नाही तिला सांगायला. तू सांग. खरं सांग हं. तिच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?